गैरहजर माणसाची चटई

माघ पौर्णिमेच्या आधीचा सोमवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. लकडगंजमधल्या एका मिरचीच्या गोदामाच्या अंगणात आमच्या मावशीचा जेवणाचा डबा मुकादमाने सगळ्यांसमोर उघडला. अन्याय झाला तो तिच्यावर. ती माझी सख्खी मावशी नाही. आमच्यापासून तिसरं दार तिचं, आईची मैत्रीण, अकरा हंगाम त्याच गोदामात मिरची खुडणारी.

झालं असं की शेठचा मोबाईल सापडत नव्हता. अंगणात भिवापूरकडच्या मिरचीचे ढीग पडले होते आणि चाळीसेक बाया नाकातोंडाला ओढण्या बांधून देठ खुडत बसल्या होत्या. मुकादमाने त्या चाळिसातून तिघींना उठवलं. तिघी आमच्या वस्तीतल्या, तिघी बौद्ध. मावशीचा डबा पहिला. आत दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी. त्याने खिशातलं पेन काढलं, पेनाच्या टोकाने पोळी उचलली आणि खाली वाकून पाहिलं. पोळीखाली मोबाईल मावतो का, हे त्याला कुणीच विचारलं नाही. मग तो मोठ्याने म्हणाला, "त्या वस्तीतल्या बायांचे डबे आधी पाहत जा."

वजनकाट्याजवळ चार व्यापारी चहाचे ग्लास घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं आणि चहा पीत राहिले. दहा मिनिटांनी मोबाईल काट्यावरच, पावतीपुस्तकाखाली सापडला. शेठने तो उचलून खिशात टाकला. मावशीने डबा बंद केला, पुन्हा ढिगापाशी बसली आणि सुटी होईपर्यंत देठ खुडले. डबा तसाच घरी आणला.

मला हे तिने सांगितलं नाही. तिघींपैकी दुसरीने संध्याकाळी नळावर सांगितलं, आणि अर्ध्या तासात मी पत्रक लिहायला बसले होते.

माझ्याबद्दल सांगायचं तर, मी एकोणिसाव्या वर्षापासून पत्रकं लिहिते. आमचा पोरापोरींचा लहानसा गट आहे. कुठे पाणी बंद झालं, कुठे शिष्यवृत्ती अडली, कुठे मास्तरने पोराला जात विचारली, की आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात कागद वाटत असतो. पत्रकाची एक भाषा असते आणि ती मला झोपेतही येते. मथळ्यात 'अमानुष' पाहिजे, पहिल्या ओळीत 'मुजोर' पाहिजे, शेवटी 'जाहीर निषेध' आणि त्यापुढे तीन उद्गारचिन्हं. दोन टाकली तर कागद ओळखीचा वाटत नाही.

आणि गोड बोलण्याचा मला तिटकारा होता. आजही आहे. ज्याचा अपमान होतो त्यालाच 'शांतपणे बोल' म्हणतात, हे मी लहानपणापासून पाहतेय. मागच्या वर्षी एका कार्यशाळेत बसवलं होतं आम्हाला. विषय करुणामय संवाद. पडद्यावर कमळ, समोर बिसलेरी, आणि एक बाई आम्हाला सांगून राहिल्या होत्या की समोरच्याच्या रागामागची गरज ओळखा. मी हात वर करून विचारलं, शिवी देणाऱ्याची गरज आम्ही ओळखायची, मग आमची कोण ओळखणार? त्या म्हणाल्या, छान प्रश्न आहे, आणि पुढचं चित्र लावलं. मी चहा न पिता निघून आले.

म्हणून सांगते, मी ज्या बाईचं कौतुक इथे करणार आहे, ती तसलं गोड बोलणारी नाही.

मंगळवारी दुपारी पत्रकं छापून आली. गुलाबी कागद. 'लकडगंजच्या गोदामात महिलांची रोज अमानुष अंगझडती!!!' असा मथळा. खाली 'तोतऱ्या मुकादमाची मुजोरी चालू देणार नाही.' तो मुकादम बोलताना अडखळतो, हे नळावरच कळलं होतं. मला ती ओळ फार आवडली होती. दोन ठिकाणी वापरली होती.

संध्याकाळी गठ्ठा घेऊन मी मावशीच्या दारात गेले. ती नुकतीच कामावरून आली होती. हातांची आग होत होती म्हणून ताटलीत तेल घेऊन बोटांना चोळत बसली होती. तिने तेलकट हाताने कागद धरला नाही. मीच समोर धरला आणि तिने ओठ हलवत वाचला.

"हे कोणत्या गोदामातलं आहे वं?"

"तुझ्याच, मावशी."

"माह्या गोदामात रोज झडती होते? मले तर एकदाच उठवलं त्यानं."

"एकदा काय, रोज काय! अपमान तो अपमानच."

"असं का? मग 'एकदा'च लिहायचं होतं ना."

मी म्हटलं, पत्रकात असंच लिहावं लागतं, नाहीतर लोक थांबत नाहीत. ती हसली. म्हणाली, "उद्या पौर्णिमा आहे. वंदना झाली की विहारात वाच हे. चटईवर."

इथे थांबून चटई म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या वस्तीत छप्पन सालापासून पंचशील म्हटलं जातं. म्हणणं सगळ्यांना येतं. चौथं शील खोटं न बोलण्याचं, आणि त्यात टोचून बोलणं, चहाडी, वायफळ बडबड हेही येतं असं आमच्या बाया मानतात. पण म्हणणं वेगळं आणि दोन जावांचं नळावरचं भांडण वेगळं. तर अशाच एका भांडणानंतर मावशीने विहारात एक रीत सुरू केली. ज्या माणसाबद्दल तक्रार आहे तो हजर नसेल, तर त्याच्यासाठी एक चटई टाकायची आणि दुसऱ्या कुणीतरी त्याच्या जागी बसायचं. तक्रार करणारी सगळं त्या चटईवरच्या बाईकडे बघून बोलते. बसणारीने वकिली करायची नाही. फक्त ऐकायचं, आणि संपलं की सांगायचं: हे ऐकताना 'हो' म्हणावंसं वाटलं, इथे पळवाट सापडली, इथे राग आला. बास. त्यानंतर तक्रार खऱ्या माणसाकडे न्यायची. ती न्यायचीच. चटईवर बोलून घरी जायची मुभा नाही.

बाया या रीतीची थट्टाही खूप करतात. एकीची सासू चटईवर बसायला इतकी उत्सुक असते की तिला कुणी बसू देत नाही.

बुधवारी वंदना झाली. पांढऱ्या साड्यांमधल्या पंधरावीस बाया थांबल्या. चटई टाकली. मी विचारलं, "मुकादमाच्या जागी कोण बसतं?"

मावशी उठली आणि जाऊन बसली.

"तू?" मी म्हटलं. "मावशी, तुझाच डबा उघडला त्यानं!"

"म्हणूनच बसली. मले माहीत आहे तो कसा उभा होता, कसा पाहून राहिला होता. दुसरीले काय माहीत?" मग मांडी घालून पाठ ताठ केली. "वाच."

मी वाचलं. माझा आवाज चांगला आहे, मोर्च्यात कमावलेला. पण अमानुष, मुजोर, रोज, तोतऱ्या, हे सगळं तिच्या तोंडाकडे बघून वाचायचं होतं. दुसऱ्यांदा 'तोतऱ्या' आलं तेव्हा माझा आवाज खाली गेला. तिने मला थांबवलं नाही. शेवटचा 'जाहीर निषेध' होईपर्यंत तशीच बसून राहिली.

मग म्हणाली, "ऐक आता. मी मुकादम आहे. तू 'रोज' म्हटलं, तिथं मी सुटलो. मी शेठले म्हणीन, पाहा, या बाया खोटं बोलून राहिल्या, रोज कोण झडती घेते? आणि मग ते एकदाचंही खोटंच ठरते. तू 'महिलांची' म्हटलं, तिथंही सुटलो. चाळीस बाया होत्या, मी तिघींनाच उठवलं. काहून तिघींनाच, हे तर तू लिहिलंच नाही."

मी कागदाकडे पाहिलं. खरंच लिहिलं नव्हतं. जे सगळ्यात मोठं होतं तेच सुटलं होतं. मथळ्याच्या नादात त्याचं वस्तीबद्दलचं वाक्यही कुठेच आलं नव्हतं.

"आणि तोतऱ्या म्हटलं तिथं मले राग आला. आता मी माफी मागत नाही. आता मी घरी जाऊन बायकोले सांगतो, त्या बायायनं माही फजिती केली. माहा अपमान तुमच्यापेक्षा मोठा झाला."

मी चिडले. सगळ्यांसमोर चिडले. "म्हणजे त्यानं तुझी पोळी पेनानं उचलली, आणि विचार आपण त्याच्या जिवाचा करायचा?"

"त्याच्या नाही वं पोरी, माह्या गोष्टीचा करून राहिली मी." ती चटईवरून उठली, म्हणजे आता ती पुन्हा मावशी झाली होती. "आणि त्याचाही केला तर काय बिघडते? त्याले शाळेपासून तोतऱ्या म्हणून हसले असतील. जन्मानं मिळालेल्या गोष्टीवर हसणं काय असते ते मले विचार. मी त्यात भर घालीन का?"

चटईवर बसायला उत्सुक असणाऱ्या त्या सासूबाई म्हणाल्या, "मले बसवलं असतं तर मी याच्यापेक्षा लवकर सांगितलं असतं."

मग तिने एक गोष्ट सांगितली, जी तिने तोवर कुणालाच सांगितली नव्हती. मंगळवारी ती नेहमीसारखी कामावर गेली. शेजारी भिवापूरची एक बाई बसते, हिंदू घरातली, पाच हंगाम दोघींची जागा एकमेकींना लागून. जेवणाच्या सुटीत मावशीने हात पुढे केला तसा त्या बाईने आपला डबा जवळ ओढला. थोडासाच. मावशी खरं तर पाणी घ्यायला हात पुढे करत होती.

"तिचं वाईट नाही वाटत," मावशी म्हणाली. "पण ते तिथून आलं. त्या वाक्यातून. पंधरा दिवस ते वाक्य तसंच त्या अंगणात राहिलं तर मी सगळ्यायसाठी तीच होऊन जाईन, जिचा डबा उघडला होता ती. म्हणून त्यानं ते वाक्य तिथंच परत घेतलं पाहिजे. त्याच अंगणात, त्याच वेळेवर, त्याच लोकायसमोर. बंद खोलीत नको."

एवढंच तिला हवं होतं, आणि त्यात मला कुठे मवाळपणा दिसला नाही. माझ्या गुलाबी कागदात मोर्चा होता, निषेध होता, पण मावशीला काय पाहिजे ते नव्हतं. मी तिला विचारलंच नव्हतं.

आम्ही बसून नवीन मजकूर केला. ती बोलली, मी लिहिलं. प्रत्येक वेळी मी एक विशेषण घातलं की ती म्हणायची, "हे मी पाहिलं का?" आणि मी खोडायचे. शेवटी चार वाक्यं उरली. ती तिने पाठ केली. छापायची गरज नव्हती.

गुरुवारी मी तिच्यासोबत गेले. अट एकच: तोंड उघडायचं नाही. "तू बोलली की ते तुझं भांडण होते," ती म्हणाली. मी फाटकाजवळ पोत्यांना टेकून उभी राहिले आणि मिरचीच्या ठसक्याने माझे डोळे आधीच वाहायला लागले. तिथल्या बाया मला बघून हसल्या. एक म्हणाली, "पाव्हणी रडून राहिली, अजून तर काही झालंच नाही."

अकरा वाजून दहा मिनिटांनी मावशी उठली. हात झटकले, नाकावरची ओढणी खाली केली आणि काट्याजवळ गेली. मुकादम तिथेच होता. चहाही आला होता, आणि ते चार व्यापारीही.

"दादा, मले चार गोष्टी सांगायच्या आहेत. तुम्ही आधी ऐकून घ्या, मग बोला."

आवाज मोठा नव्हता, पण हळूही नव्हता. शेवटच्या ढिगापर्यंत जाईल एवढा.

"सोमवारी याच वेळेले मोबाईल हरवला तर तुम्ही चाळीस जणींतून तिघींना उठवलं, आणि तिघी एकाच वस्तीच्या होत्या. तुम्ही माहा डबा उघडून पेनानं पोळी उचलली. तुम्ही म्हटलं की त्या वस्तीतल्या बायांचे डबे आधी पाहत जा. तेव्हापासून मले इथं बसायले लाज वाटते, आणि ती लाज माही नाही, म्हणून मी ती तुम्हाले परत द्यायले आली."

देठ खुडायचा आवाज थांबला. चाळीस जणींचे हात थांबले की ते अंगण किती शांत होतं, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

मुकादम अडखळत म्हणाला, "डबा... डबा पाहिला. पण तसं मी बो... बोललोच नाही."

तेवढ्यात शेठ बाहेर आले. त्यांनी परिस्थिती लगेच ओळखली. "बाई, अंदर या ना. बसून बोलू, चाय पिऊ. ऐसा सगळ्यांसमोर कशाला?"

"शेठ, तेव्हा सगळ्यांसमोर झालं."

"अरे, पण तो म्हणतो बोललोच नाही. कुणी ऐकलं का?" असं म्हणून शेठने त्या चार व्यापाऱ्यांकडे पाहिलं. एकाने घड्याळ पाहिलं. एक म्हणाला, "अपना ध्यान नव्हतं." बाकीचे दोघे ग्लासात बघत राहिले.

मी पोत्यांपाशी मुठी आवळल्या होत्या. त्या चौघांना मी ओळखत होते. त्यांच्यातल्या एकाने मागच्याच वर्षी आमच्या कार्यक्रमात समतेवर भाषण दिलं होतं. माझ्या जिभेवर सगळी पत्रकं एकदम आली. मावशीने मान न वळवता एक हात मागे केला, मला दिसेल असा. थांब.

आणि मग ती भिवापूरची बाई उठली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मावशीने तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

"म्हटलं गा तू," ती मुकादमाला म्हणाली. "मी ऐकलं. ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मी माहा डबा हिच्यापासून दूर ओढला. पाच वर्षं आम्ही एका जागी बसून राहिलो. माहंही चुकलं." शेवटचं वाक्य मावशीकडे वळून होतं.

मागून आणखी एक आवाज आला, "मीही ऐकलं." मग आणखी एक.

मुकादमाने मावशीकडे पाहिलं. मग त्याने तोंड उघडलं. 'मा' वर अडकला. पुन्हा तिथेच. मागे एक पोरगी फिस्सकन हसली. मावशीने वळून तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. मग पुन्हा त्याच्याकडे तोंड करून मावशी उभी राहिली. त्याचा शब्द तिने पुरा केला नाही, घाई केली नाही, नजर हटवली नाही. त्याला जेवढा वेळ लागला तेवढा दिला.

"माफ करा," तो म्हणाला. "डबा उघडायला नको होता."

"आणि वस्तीचं?"

तो पुन्हा अडखळला. "बोललो मी ते. चुकीचं बोललो."

"ऐकलं मी," मावशी म्हणाली. "माह्याकडून संपलं आता." आणि जाऊन आपल्या जागेवर बसली. भिवापूरच्या बाईने सरकून तिला जागा केली. शेठ आत गेले. पंधरा मिनिटांत अंगणात पुन्हा खुडण्याचा आवाज आणि ठसका सुरू झाला.

मी अनेक मोर्चे पाहिलेत. घोषणांनी अधिकारी पळालेले पाहिलेत, आणि ते मोर्चे मी पुन्हा काढीन. पण एका माणसाला त्याचं स्वतःचं वाक्य परत घ्यायला लावणं, आणि तसं करताना त्याला लहान न करणं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ती बाई सातवी शिकलेली आहे. तिने कधी कार्यशाळा घेतली नाही. माझ्या ओळखीत तिच्याइतकं कडक बोलणारं माणूस नाही, आणि तिच्या तोंडून मी एकही शिवी ऐकलेली नाही.

संध्याकाळी परत येताना मात्र मी तिला सोडलं नाही. "मुकादमानं माफी मागितली. त्या चौघांचं काय? त्यांनी ऐकलं आणि नाही म्हटलं. खोटं तर तेच बोलले."

ती चालता चालता म्हणाली, "हो. ते राहिलंच. त्यायनं मले काही म्हटलं नाही, म्हणून मी त्यायले काय परत देऊ? ते तू लिही." मग जरा थांबून, "पण पाहून लिही. 'रोज' नको लिहू."

म्हणून हे लिहिलं. गुलाबी कागद मी घरी ठेवलेत, मागची बाजू कोरी आहे, कच्च्या लिखाणाला चालते. हा मजकूर विहारात चटई टाकून वाचला. व्यापाऱ्यांच्या जागी या वेळी ती सासू बसली आणि तिने मला तीन ठिकाणी पकडलं. ते दुरुस्त केलंय. समतेवर भाषण देणाऱ्या त्या व्यापाऱ्याकडे मी स्वतः जाऊन आले. तो म्हणाला, विचार करतो. बाकी तिघांकडे जायचं आहे.

आणि तुमच्याकडे. तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, दुकानात, लग्नाच्या पंगतीत असं एखादं वाक्य तुमच्यासमोर बोललं गेलंय. कोणतं, ते तुम्हाला आत्ता आठवलंय. ज्याच्याबद्दल ते होतं तो माणूस अजून तिथेच कामाला येतो, आणि तुम्ही ऐकलं होतं की नाही हे त्याला अजून माहीत नाही. बोलणाऱ्याला शिव्या देऊ नका, त्याच्या आईबापावर जाऊ नका, एक शब्द वाढवू नका. पण या आठवड्यात त्याच जागी जा, त्याच लोकांसमोर उभे राहा, आणि सांगा: मी ऐकलं होतं.